रांगेच्या कडेला

सकाळचे साडेसात वाजलेत, उजाडलंय म्हणायचं इतकंच. ग्लासगोच्या फिनिस्टन स्ट्रीटवर मी हातमोज्यांवर हातमोजे चढवून उभी आहे आणि माझ्यासमोरून जगातले जवळजवळ दोनशे देश रांगेनं पुढे सरकतायत. आज १ नोव्हेंबर २०२१. कॉप-२६ या हवामान परिषदेत राष्ट्रप्रमुखांची भाषणं आजपासून. ते स्वतः अर्थात या रांगेत नाहीत. इथे आहेत वाटाघाटी करणारे, फायली सांभाळणारे, पत्रकार, संस्थांचे कार्यकर्ते. गळ्यातल्या बिल्ल्यावरची पट्टी गुलाबी असेल तर माणूस सरकारी, पिवळी असेल तर निरीक्षक. थंडी दोघांनाही सारखीच वाजते.

माझ्या बिल्ल्यावर आत जाता येत नाही. मी शहराच्या बाजूची स्वयंसेवक, बिनपगारी. चिपळूणला मात्र आईनं आळीभर सांगून ठेवलंय की लेक ‘परिषदेत’ आहे. लेकीचं काम दोन वाक्यांचं: टेस्टचा मेसेज उघडून ठेवा, आणि रांगेचं शेपूट तिकडे आहे.

टेस्ट म्हणजे कोविडची. रोज सकाळी नाकात काडी फिरवायची, पट्टीवर थेंब टाकायचे, थांबायचं, निकाल वेबसाइटवर नोंदवायचा. मग फोनवर मेसेज येतो. तो दाखवला तरच पुढे. रांगेतले एक वयस्कर गृहस्थ मला हाक मारतात. पिवळी पट्टी, पातळ कोट, पायात उन्हाळी बूट. खिशातून कागदी रुमालाची घडी काढतात आणि पुरचुंडी सोडावी तशी अलगद उलगडतात. आत प्लास्टिकची ती पट्टी. ‘सी’पाशी एक लाल रेघ, ‘टी’पाशी काही नाही. पुरावा म्हणून त्यांनी पट्टीच आणलीय! फोन आहे, पण इथे नेट चालत नाही. त्यांना फ्रेंच येतं, मला बोंजूरच्या पुढे येत नाही. मी माझं हॉटस्पॉट सुरू करते, दोघं मिळून फॉर्म भरतो. मेसेज येईपर्यंत ते पट्टी हातात धरूनच असतात. आला तसे हसतात, पट्टी पुन्हा रुमालात गुंडाळून खिशात ठेवतात. अजून विश्वास बसलेला नाही.

“बरं केलंस गं, हेन,” माझ्या शेजारी उभ्या असलेल्या आजी म्हणतात. ग्लासगोत बायका-मुलींना लाडानं हेन म्हणतात. पहिल्या आठवड्यात कुणी कोंबडी म्हटलं की मी दचकायचे, आता ओ देते. आजी निवृत्त आहेत, जन्म इथलाच. त्या मला नदीकाठची अवाढव्य क्रेन दाखवतात. १९३२ साली उभी राहिलेली, आता नुसती शोभेची. ग्लासगोत बनलेली वाफेची इंजिनं ती उचलून जहाजांवर चढवायची, जगभर पाठवायला. इथल्या कारखान्यांची इंजिनं आपल्याकडच्या रुळांवरही धावली. कोळशाचा धूर ज्या गावानं जगाला असा पोचवला, तिथेच कोळशाचं काय करायचं याची चर्चा बसलीय. आजींना यात विशेष वाटत नाही. “काम होतं तेव्हा. आता हे काम आहे,” म्हणतात आणि डबा पुढे करतात. टॅब्लेट. नाव औषधाच्या गोळीचं, पदार्थ म्हणजे साखर, लोणी, दूध आटवून थापलेली वडी. बर्फीची सख्खी बहीण. मी उचलते आणि आठवतं, आज वसुबारस. आई आज दुधातुपाला शिवत नाही. मी दोन खाते.

दुपारी फोन बघते तर बाबांचा मेसेज. “उद्या सुतार येतोय. पोटमाळा काढायचा म्हणतो. किती उंच धरू? तू शिकतेस ना यातलं.”

मी यातलं शिकते हे खरं. नद्या, पूर, उतारांची गणितं. पण बाबांचा प्रश्न मला गणिताआधी भिंतीवर दिसतो. बाजारपेठेतल्या आमच्या वह्यापुस्तकांच्या दुकानात दोन रेघा आहेत. २६ जुलै २००५ची बाबांच्या छातीशी. यंदाच्या २२ जुलैची पंख्याखाली वीतभर. चिपळूणला आम्ही पूर आला म्हणत नाही, पाणी भरलं म्हणतो, जणू कुणी नळ उघडा ठेवलाय. वाशिष्ठी नदी उतरली तेव्हा वह्या फुगून कपाटांत अशा घट्ट बसल्या होत्या की पहारीनं काढाव्या लागल्या. चिखल काढता काढता नखांत गेलेला काळेपणा मी इथे घेऊन आले होते.

उत्तर लिहायला घेते, तेवढ्यात कुणी तरी प्रसाधनगृह विचारतं. मग कुणी चार्जर. मग राहून जातं.

कालच इथली घड्याळं तासभर मागे गेली. साडेचारला सूर्य मावळतो आणि क्लाइड नदी एकदम काळी होते. तिच्याकडे मी फार वेळ बघत नाही. शांत आहे, काठ बांधलेले आहेत, पण नदीचं काय सांगावं.

पाच वाजून गेल्यावर भावाचा व्हिडिओ येतो. आपले पंतप्रधान आत बोललेत. मी त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर उभी, आणि भाषण चिपळूणहून फिरून माझ्याकडे येतं. आजी मान वाकवून बघतात. २०३०पर्यंत जीवाश्म इंधनांशिवाय ५०० गिगावॉट वीजक्षमता. २०७०पर्यंत नेट झीरो. खाली भावाची भर: “२०७०ला मी सहासष्ट. पेन्शनर! तू दिसलीस का गं कुठे मागे?”

“काय म्हणतात?” आजी विचारतात. मी सांगते. त्या बोटांवर काही मोजतात आणि सोडून देतात.

रांग आता उलटी वाहतेय. सगळे बाहेर पडतायत, कॉलर वर करून, फोनवर बोलत. गुलाबी पट्टीचे एक साहेब थांबतात. शटल बस?

“डावीकडे वळा, दिवे दिसतील. चार मिनिटं.”

खिशात फोन थरथरतो. बाबा अजून जागे आहेत.

“सुतार आठला येईल. सांग.”