सुटलेला बॉल मोजता, गाठलेला कोण मोजणार?

शाळेच्या सॉफ्टबॉल-बेसबॉल टीमची निवड असली की फिल्डरच्या नावापुढे बहुतेक वेळा एकच आकडा बघितला जातो: एरर किती? वाशीम असो, रिसोड असो की कारंजा, ज्याच्या हातून बॉल कमी सुटले तो भारी. हिशेब सोपा आहे, पण त्यात एक गोची आहे.

समजा, दोन शॉर्टस्टॉप पोरी आहेत. दोघींच्या बाजूला 50-50 बॉल आले. पहिली पळत जाऊन 40 बॉलपर्यंत पोचली, 4 सुटले, 36 आउट केले. दुसरी 25 पर्यंतच पोचली, 1 सुटला, 24 आउट. तिच्या बाजूने निघून गेलेले बाकीचे बॉल 'हिट' म्हणून लिहिले गेले, तिच्या नावावर काहीच नाही. आता जुनं फिल्डिंग पर्सेंटेज काढा. पहिली 90 टक्के, दुसरी 96. म्हणजे 12 आउट जास्त करणारी पोरगी घरी!

हा घोळ अमेरिकेत बिल जेम्स यांनी 1970 च्या दशकात उघडा पाडला. एरर सोडा, दर सामन्याला फिल्डरने किती आउट घडवले ते मोजा, असं त्यांचं म्हणणं. त्याला नाव पडलं रेंज फॅक्टर. पण त्यातही अडचण होतीच. बॉलच ज्याच्याकडे जास्त येतात, त्याचा आकडा आपोआप फुगतो.

आपल्या एकनाथ सोलकरांचंच बघा. 27 कसोटींत 53 कॅच, म्हणजे सामन्याला जवळपास दोन! राहुल द्रविडचे 164 कसोटींत 210. पण सोलकर उभे असायचे बॅट्समनच्या नाकासमोर, हेल्मेटशिवाय, आणि बॉलिंगला बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन. कॅच उडणारच. म्हणून सोलकर लहान ठरत नाहीत, 1971 च्या ओव्हल कसोटीत त्यांनी झेप घेऊन पकडलेला अ‍ॅलन नॉटचा कॅच कुठल्याच सरासरीत दिसत नाही.

मेजर लीगच्या मैदानांवर 2015 पासून स्टॅटकास्ट आलं. आता फिल्डरला किती अंतर कापायचं होतं, वेळ किती होता, हेही मोजतात. शंभरात 25 वेळाच पकडला जाईल असा कॅच घेतला तर 0.75 जमा, सुटला तर फक्त 0.25 वजा. अवघड बॉलच्या मागे धावणाऱ्याला शेवटी न्याय मिळाला म्हणायचा. डेरेक जीटरला 5 गोल्ड ग्लोव्ह मिळाले होते, पण किती रन वाचवले याच्या नव्या हिशेबात तो तळाच्या शॉर्टस्टॉपमध्ये गेला.

आपल्याकडे रडार नाही, पण वही तर आहे ना? एका मित्राला बाउंड्रीवर बसवा. प्रत्येक बॉलपुढे तीन खुणा: सोपा की अवघड, पोचला की नाही, आउट झाला की नाही. टेनिस बॉल क्रिकेटलाही हे चालतं. फक्त मैदान कोणतं तेवढं वर लिहून ठेवा, कारण आपल्या काळ्या मातीवर उन्हाळ्यात भेगा पडल्या की सोपा बॉलही कुठे उसळेल, सांगता येत नाही.