विलायती डाकेची आगबोट व पत्रांचा कालनिर्णय

यवतमाळ जिल्ह्यांतील जुन्या दप्तरांत विलायतेहून आलेलीं पत्रें आढळल्यास त्यांचा काल ठरवितांना आगबोटींचा इतिहास उपयोगीं पडतो. म्हणून 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' या आगबोटीची हकीकत येथें देतों.

पी. अँड ओ. कंपनीची ही आगबोट ग्लासगो येथें बांधली गेली व फेब्रुवारी १९२९ मध्यें लंडनहून मुंबईच्या पहिल्या सफरीस निघाली. तिचें माप सुमारें १९,६०० टन. वाफेनें वीज उत्पन्न करून त्या विजेनें पंखे फिरविण्याची योजना तींत होती. १९३२ सालीं तिनें लंडन ते मुंबई हा प्रवास सुमारें १६ दिवसांत करून वेगाचा उच्चांक केला.

परंतु हे १६ दिवस बोटीचे होत, पत्राचे नव्हेत. लंडनची डाक आगगाडीनें मार्सेय बंदरास जाऊन तेथें बोटीवर चढे. जिब्राल्टरचा वळसा तिला पडत नसे. शिवाय १९२९ सालींच लंडन-कराची हवाई डाक सुरू झाली. सबब दोन शिक्क्यांमधील अंतर १६ दिवसांहून कमी दिसतांच लखोटा बनावट ठरविणें अन्यायाचें होईल. उलट यवतमाळचा शिक्का असेल, तर मुंबईहून मूर्तिजापूर व तेथून छोट्या गाडीचा प्रवास, हा कालही हिशेबांत धरावा.

ता. ११ नोव्हेंबर १९४२ रोजीं ओरानजवळ जर्मन पाणबुडीनें ही बोट बुडविली. त्यानंतरच्या लखोट्यावर तिचें नांव आढळल्यास मात्र संशय अवश्य घ्यावा.