चार लाल आणि एक शिपाई

माझ्या टेबलावर चार लाल रंग मांडलेत आणि चौघांचाही दावा एकच, की खरा लाल तो आपणच. नॉटिंगहॅमच्या सिटाडेलची झाकणवाली १२ मिलीची बुटकी डबी. स्पेनच्या व्हायेहोची निमुळत्या चोचीची ड्रॉपर बाटली. जपानच्या तामियाची काचेची ठेंगणी बाटली. आणि इंग्लंडच्या हंब्रोलचा पत्र्याचा इवलासा डबा, ज्याचं झाकण स्क्रूड्रायव्हरनेच उचकटावं लागतं. समोर २८ मिलिमीटर उंचीचा प्लास्टिकचा शिपाई. त्याच्या पाठीवरचा झगा लाल करायचाय, एवढंच काम.

पण हे एवढंसं काम आधी मापात बघा. माणसाची उंची १,७०० मिलिमीटर धरली, तर हा शिपाई त्याच्या साठपट लहान. त्याचा डोळा जेमतेम अर्धा मिलिमीटर. आता समजा मी रंग न पातळ करता फासला आणि वाळून थर झाला ०.०५ मिलिमीटरचा. कागदाच्या जाडीपेक्षाही कमी. पण शिपायाच्या मापाने तो झाला ३ मिलिमीटर! कुणी आपल्या तोंडावर ३ मिलिमीटरचा गिलावा केला, तर नाक-डोळे कुठे शोधायचे? म्हणून असे शिपाई रंगवण्याच्या छंदातला पहिला मंत्र: रंग पातळ करा, दोन हात मारा. आणि ब्रँडची पारखही इथूनच सुरू होते. पातळ करूनही जो रंग झाकतो, तो चांगला.

बाटलीतला ॲक्रिलिक रंग म्हणजे खरं तर रंगीत दूध. पाण्यात प्लास्टिकचे अतिसूक्ष्म गोळे तरंगत असतात आणि त्यांच्यामध्ये रंगाची पूड. पाणी उडायला लागलं की गोळे जवळ येतात, एकमेकांना खेटतात, दबून चपटे होतात आणि शेवटी एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा होतो. हे घरी बघायचं असेल तर फेविकॉलचा थेंब टाका. ओला असताना पांढरा, वाळल्यावर काचेसारखा. गोळे सुटे असेपर्यंत प्रकाश त्यांच्यावर आपटून विखुरतो म्हणून पांढरेपणा. गोळे संपले की पांढरेपणाही संपला. ॲक्रिलिक रंग वाळल्यावर थोडा गडद का होतो, याचं उत्तरही हेच.

आणि गोळ्यांचं हे लग्न मोडत नाही. लहानपणी दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे आम्ही पोस्टर कलरने रंगवायचो. पहाटे दव पडलं की शेल्याचा लाल गालावर उतरायचा, कारण पोस्टर कलरमधला डिंक पाण्यात पुन्हा विरघळतो. ॲक्रिलिकचा पापुद्रा एकदा जमला की पाणी त्याचं काही करू शकत नाही, म्हणून तर त्यावर दुसरा, तिसरा, दहावा हात मारता येतो. डेन्मार्कच्या आर्मी पेंटरने २०२२ मध्ये एका हातात काम उरकणारे स्पीडपेंट काढले, तेव्हा रंगवणाऱ्यांना नेमकी इथेच ठेच लागली: वाळलेला थर वरच्या ओल्या रंगाने पुन्हा सुटायचा. पुढच्याच वर्षी कंपनीने सुधारित आवृत्ती आणली.

हंब्रोलची तऱ्हा वेगळी. १९१९ मध्ये हल शहरात हंबर ऑइल कंपनी म्हणून सुरू झालेला हा कारभार, सुरुवातीचा माल सायकलीसाठी लागणारं तेल. त्यांचा एनॅमल रंग पाणी ओळखतच नाही. आधी त्यातलं वासाचं द्रावक उडतं आणि मग रंग हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतो. थोडक्यात, ॲक्रिलिक काहीतरी गमावून वाळतो आणि एनॅमल काहीतरी कमावून. दुसरा हात मारायला बहुधा उद्याच बसावं लागतं, पण वाळला की पृष्ठभाग असा गुळगुळीत की ब्रशची एक रेघ दिसू नये. त्या वासापायी घरातल्यांचा विरोध होतो, तो सोसायची तयारी हवी.

व्हायेहोची जन्मकथा मला सगळ्यात आवडते. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीत कंपनी सुरू झाली आणि १९६९ मध्ये स्पेनला गेली. सुरुवातीला ती कार्टूनपटांचे रंग बनवायची. त्या काळी कार्टूनची चित्रं पारदर्शक फिल्मवर मागच्या बाजूने रंगवत. रंग सपाट बसला पाहिजे, पलीकडचं दिसता कामा नये. व्हायेहोचा मॉडेल कलर ब्रशने इतका मखमली, बिनचमकेचा बसतो याचं मग मला तरी नवल वाटत नाही. तामियाचा ॲक्रिलिक मात्र नावापुरता भाऊ. त्यात अल्कोहोलच्या जातीची द्रावकं असतात, एअरब्रशमधून तो स्वर्ग, पण ब्रशने अर्धवट वाळल्यावर पुन्हा फिरवलात की खालचा थर ओढून आणतो. आणि त्याचं थिनर व्हायेहोत मिसळलंत, तर दूध नासावं तशा गुठळ्या.

मग झाकतं कोण? यात ब्रँडपेक्षा रंगाची पूड जास्त बोलते. पांढऱ्यातली टायटॅनियम डायऑक्साइडची पूड प्रकाशाला हिऱ्यापेक्षाही जास्त वाकवते. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४, हिचा २.७ च्या घरात. तिच्यावर पडलेला प्रकाश भरकटून परत फिरतो, आत शिरून खालचं प्लास्टिक दाखवत नाही. आजच्या झगझगीत लाल-पिवळ्या पुडींना ही ताकद नाही. त्या स्वभावतःच जरा पारदर्शक. म्हणून काळ्या अस्तरावर (प्रायमरवर) पिवळा मारणारा माणूस पाच-पाच हात मारून कंपनीला शिव्या देतो. जाणते आधी गुलाबी मारतात, मग त्यावर पिवळा. एका हातात काम होतं.

बाटली न हलवणं हे माझं जुनं पाप. एकदा एका कंपनीचा मॅट तपकिरी घाईत वरच्यावर थेंबभर घेतला आणि शिपायाचा झगा रेनकोटसारखा चकाकला. दोष कंपनीचा नव्हता. मॅटपणा आणणारी बारीक भुकटी तळाला बसली होती. ती असली तरच वाळलेला पृष्ठभाग खडबडीत होतो आणि चमक मरते. तेव्हापासून ड्रॉपर बाटलीत दोन छोटे स्टीलचे छर्रे टाकून ठेवले आहेत. हलवली की खुळखुळा वाजतो.

आज झगा शेवटी सिटाडेलच्या लालने रंगवला, कारण घड्यांवरून तो सहज सरकला. पण घड्या उठून दिसेनात. इतक्या लहान वस्तूवर खोलीतला दिवा पुरेशा सावल्या पाडत नाही. सावलीही रंगवावीच लागते. त्यासाठी वॉश, म्हणजे खूप पाणचट, थोडा साबणाच्या पाण्यासारखा पसरणारा गडद रंग. सिटाडेलच्या काळ्या वॉशचं नाव नल्न ऑइल, पण त्यात तेलाचा थेंब नाही. ब्रश टेकवला की तो उंचवट्यावर थांबत नाही, घडीत जाऊन बसतो. सपाट जागी मात्र साचला, तर चहाच्या कपाखाली उमटतं तसं कडेला गडद वर्तुळ करतो. थेंबाची कड आधी वाळते, आतलं पाणी तिकडे धावतं आणि वाटेतली पूड सोबत नेऊन कडेला टाकतं. शिकागोच्या संशोधकांनी हे १९९७ मध्ये नीट उलगडून दाखवलं.

आत्ताही शिपायाच्या खांद्याच्या सपाटीवर असाच एक थेंब साचलाय. कोरडा ब्रश टेकवून तो शोषून घ्यायला माझ्याकडे मिनिटभर आहे.