चीक झाडाचा, लाख किड्याची

मुलांनो, जपानी किमोनोला खिसे नसतात. मग औषधाच्या गोळ्या, शिक्का असल्या वस्तू न्यायच्या कशा? जुन्या काळी तिथले पुरुष ‘इन्रो’ बाळगीत. एकावर एक घट्ट बसणाऱ्या चिमुकल्या डब्या, रेशमी दोरीत ओवलेल्या. दोरी कमरपट्ट्यामागून वर काढायची आणि ती निसटू नये म्हणून टोकाला हस्तिदंताचा नाहीतर लाकडाचा कोरीव गट्टू, ‘नेत्सुके’. अंगठ्याच्या पेराएवढ्या जागेत कारागीर अख्खा उंदीर कोरायचा, वेटोळ्या शेपटीसकट. दोरीची भोकं त्याच्या पोटाखाली लपवलेली!

त्या डब्यांवरची काळीभोर चकाकी येते उरुशी नावाच्या झाडातून. सालीला चरे पाडले की चीक झिरपतो. त्याचे पातळ हात एकावर एक चढवायचे. पण कपडे वाळवतो तसा हा थर उन्हात ठेवून चालत नाही. त्याला दमट कपाट लागतं. चिकातलं लॅकेझ हे विकर ओलाव्यात हवेतला ऑक्सिजन घेतं आणि चिकाचे रेणू एकमेकांत गुंफतं. असा पक्का झालेला थर स्पिरिटलाही दाद देत नाही.

आता अशाच दुसऱ्या, पण किड्याच्या चकाकीसाठी आपल्या कोलकात्याकडे या. पुरुलियाच्या आणि झारखंडच्या रानातली लाख याच बंदरातून जगभर जाई. ती देतो एक कीटक. त्याचं अर्ध्या मिलिमीटरचं तांबडं पिल्लू पळस, बोर किंवा कुसुमाच्या कोवळ्या फांदीत सोंड खुपसतं, रस पितं आणि अंगातून राळ सोडतं. मादी तर पाय गमावून जन्मभर तिथंच राहते. हजारोंची राळ एक होऊन फांदीवर खरबरीत पापुद्रा धरतो. तो खरवडून, धुऊन, वितळवला की शेलॅक तयार.

शेलॅक उष्णतेनं मऊ होतं, गार झालं की घट्ट. म्हणून त्यात दगडाची पूड आणि काजळी मिसळून ग्रामोफोनच्या तबकड्या दाबून काढत. १९०२ मध्ये गायिका गौहर जान कोलकात्यातच ध्वनिमुद्रणासाठी गायल्या. त्या तबकड्या तेव्हा परदेशात तयार झाल्या; १९०८ पासून सियालदहच्या कारखान्यात इथंच निघू लागल्या.

पण शेलॅक स्पिरिटमध्ये विरघळतं. घरात मिनिटाला ७८ फेऱ्यांची जुनी तबकडी असेल, तर ती चुकूनही स्पिरिटनं पुसू नका. एका पुसण्यात गाणं कायमचं जाईल.