दुर्बोध विज्ञानकादंबरी आणि तिचा वाचक

सॅम्युएल डिलेनी यांची ‘डालग्रेन’ ही आठशेहून अधिक पृष्ठांची कादंबरी १९७५ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा विज्ञानसाहित्याच्या वाचकांत दोन तट पडले. थिओडोर स्टर्जन यांनी तिला या क्षेत्रातील श्रेष्ठ कृती मानले. हार्लन एलिसन यांनी निम्मीही न वाचता ती टाकून दिली. उद्ध्वस्त बेलोना नगरीत वृत्तपत्रावर वाटेल ती तारीख छापली जाते, आकाशात दुसरा चंद्र दिसतो आणि अखेरचे अपुरे वाक्य पहिल्या वाक्याला जाऊन मिळते. नगरीवरील आपत्तीचे कारण मात्र शेवटपर्यंत कळत नाही.

वाचकांचा रोष, माझ्या मते, येथेच उद्भवतो. नवकादंबरीचा वाचक संदिग्धता गृहीत धरतो. विज्ञानकथेच्या वाचकाला अद्भुताची उपपत्ती हवी असते. मराठीत तर ही अपेक्षा अधिकच दृढ आहे. जयंत नारळीकरांची ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेतून पुढे आली. विज्ञानप्रसाराशी असे नाते असलेल्या साहित्यप्रकारात दुर्बोधता हा दोषच ठरतो. तरीही ‘डालग्रेन’च्या लाखो प्रती खपल्या. विल्यम गिब्सन यांनी पुढे प्रस्तावनेत तिला उत्तर न योजलेले कोडे म्हटले.

बेंगळूरच्या जे. पी. नगरातील माझ्या एका मराठी स्नेह्यांनी पुस्तक आठवड्यातच परत केले. “कशाचा पत्ताच लागत नाही हो!” (फेज, मेन, क्रॉस यांच्या क्रमांकांतून माझे घर त्यांना दुसऱ्या खेपेस सापडले होते.) दोन महिन्यांनी त्यांनी ते पुन्हा मागून नेले, या वेळी वाचन मधूनच सुरू केले.