रक्तवाहिन्यांचें अस्तर व स्नेहाचे वाहक

संस्कृतांत 'स्नेह' या एकाच शब्दानें तेलतूपही सांगितलें जातें आणि मायाही. ज्या स्नेहाची आज घरोघरीं धास्ती घेतली जाते, तो कोलेस्टेरॉल हा पदार्थ वस्तुतः विष नव्हे. पेशींचें आवरण, कित्येक अंतःस्राव व पित्त यांच्या घडणीस तो लागतोच. मग अनर्थ होतो कोठें?

स्नेह पाण्यांत विरघळत नाहीं. रक्त तर बहुतांशीं पाणीच. म्हणून प्रथिनाच्या वेष्टनांतून तो प्रवास करितो. अशा वाहकांपैकीं 'एलडीएल' हा कण इतका सूक्ष्म कीं, एका मिलिमीटरांत सुमारें ४५ हजार कण ओळीनें मावावे. त्यास ओळखून आंत घेणारे 'ग्राहक' पेशींवर असतात, हें डॅलस येथील ब्राउन व गोल्डस्टाइन या डॉक्टरद्वयानें दाखवून दिलें. १९८५ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. कांहीं घराण्यांत हे ग्राहक जन्मतःच उणे असतात. अशा एका सहा वर्षांच्या मुलीस १९८४ सालीं पिट्सबर्ग येथें हृदयाबरोबर नवें यकृतही बसविलें, तेव्हां तिच्या रक्तांतील कोलेस्टेरॉल झपाट्यानें उतरलें. रक्त निवळण्याचें मुख्य काम यकृतांतील ग्राहकांचें, हें त्यावरून स्पष्ट झालें.

न उचललेले कण रक्तवाहिनीच्या अस्तराशीं येतात. हें अस्तर अवघ्या एका पेशीच्या जाडीचें. परंतु तें मोठें जागरूक असतें. नायट्रिक ऑक्साइड नामक वायु निर्माण करून तें वाहिनी सैल ठेवतें व रक्तकणिकांस चिकटूं देत नाहीं. कण अस्तराखालीं अडकले, म्हणजे तेल खवट व्हावें तसे ते बिघडतात. या बिघडलेल्या कणांसाठीं अस्तरावर निराळाच ग्राहक आहे. १९९७ सालीं जपानी संशोधकांनीं तो शोधिला. त्याचें नांव 'लॉक्स-१'. दोहोंच्या स्वभावांत मोठें अंतर आहे. पेशीची गरज भागली कीं पहिला ग्राहक आपली संख्या आवरितो. दुसरा मात्र बिघडलेल्या कणांच्या संगतीनें वाढतच जातो. मग नायट्रिक ऑक्साइड घटतो, अस्तर चिकट होतें, पांढऱ्या पेशी आंत शिरून ते कण गिळतात व तेथेंच फेंसाळ होऊन साचतात. कालांतरानें हा थर फुटला कीं रक्ताची गांठ होते, आणि हृदयविकाराचा झटका येतो.

१९७३ सालीं जपानचे अकिरा एंडो यांना एका बुरशींत कोलेस्टेरॉलची निर्मिति रोखणारें द्रव्य सांपडलें. त्यांतूनच 'स्टॅटिन' औषधांचा उदय झाला. यकृतांतील निर्मिति घटली कीं यकृत अधिक ग्राहक उभे करितें व रक्तांतील कण उचलून घेतें.

यांतील कोणत्याही पायरीवर बहुधा वेदना होत नाहीं. दुखूं लागतें तें फार उशीरा. म्हणून 'मला कांहींच होत नाहीं' एवढ्यावरून डॉक्टरांनीं दिलेलें औषध परस्पर सोडणें हा शहाणपणा नव्हे. तंबाखू, वाढलेला रक्तदाब व मधुमेह हेही याच अस्तराचे शत्रु होत. घरांत कोणास अल्पवयांत हृदयविकार जडला असेल, तर मुलांचेंही रक्त तपासून घ्यावें. आईबापांचा वारसा मुलांस मिळतो तो केवळ घरादाराचा नव्हे.