वर्गणीदार : वृत्तपत्राचा खरा आधार

एकोणिसाव्या शतकात वृत्तपत्र काढण्यापेक्षा ते चालविणे अवघड होते. १८३२ साली मुंबईत ‘दर्पण’ निघाले आणि १८६३ साली बेळगावात ‘बेळगाव समाचार’. सुट्या अंकांची विक्री त्या काळी फारशी नसे. पत्राचे आयुष्य वर्गणीदाराच्या हाती असे. म्हणून अनेक पत्रे आगाऊ वर्गणीचा दर कमी व मागाहून देण्याचा दर अधिक ठेवीत. थकबाकीचे दुखणे यावरूनच ध्यानात येते.

पुणे-बेळगाव रस्त्यावरील निपाणीसारख्या पेठेतील वाचकास पुण्या-मुंबईचे पत्र घ्यावयाचे, तर पैसे पाठवावे कसे, हा प्रश्न असे. टपालखात्याने १८७७ साली व्ही. पी. व १८८० साली मनीऑर्डर सुरू करून तो सोडविला. पुढच्याच वर्षी पुण्यात ‘केसरी’ निघाला, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

एक अंक दहाजणांनी वाचावा, या रीतीने विचार पसरले. परंतु छापखान्याचे देणे त्या एका वर्गणीवरच भागवावे लागे. सीमाभागातील मराठीच्या इतिहासात आम्ही संपादकांची नावे आदराने घेतो. वेळेवर वर्गणी धाडणाऱ्या अनामिक शिक्षक-व्यापाऱ्यांचे ऋणही त्याच पंक्तीस मांडले पाहिजे.